आबांच्या पिशवीतली डिस्क

ताईचे सासरे, ज्यांना आम्ही सगळेच आबा म्हणतो, २०१७ साली दर महिन्याला बार्शीहून पुण्याला डोळे दाखवायला यायचे. काचबिंदू होता. येताना पिशवीत दोन किलो तूरडाळ आणि शेंगदाण्याची चटणी असायची. जाताना त्याच पिशवीत, टॉवेलच्या घडीत, एक निळी प्लास्टिकची डबी. पीएस४ च्या, म्हणजे सोनीच्या ‘प्लेस्टेशन ४’ या टीव्हीला जोडून खेळायच्या यंत्राच्या, डिस्कची. आबा तिला ‘पोराची कॅसेट’ म्हणायचे. एसटीत पिशवी वरच्या फळीवर न ठेवता मांडीवर धरून बसायचे आणि बार्शीला उतरले की घरी जायच्या आधी ताईला फोन करून सांगायचे, कॅसेट आणलीय म्हणून.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे भाच्याचा फोन. तो आता चाकणला नोकरीला आहे. म्हणाला, ‘‘मावशी, पीएस५ प्रो घेऊ का? तू तर तेव्हा पीएस४ चा प्रो घेतलेलास.’’ प्रो म्हणजे त्याच पिढीतलं जास्त ताकदीचं यंत्र. मी म्हटलं, रविवारी ये, तोवर नीट विचार करून लिहून ठेवते. मला बोलण्यापेक्षा लिहिणं सोपं जातं.

माझं काम एक्स-रे काढायचं. डार्करूममध्ये फिल्म धुवून, क्लिपला टांगून वाळवायच्या दिवसांपासून आजच्या डिजिटल प्लेटपर्यंत सगळं हाताखालून गेलंय. दिवसभर करड्या रंगाच्या छटा बघायच्या, कुठली छटा शेजारच्या छटेत मिसळतेय ते ओळखायचं. घरी आल्यावर खेळ. लहानपणी ताई आणि मी घरच्या डायनोरा टीव्हीवर व्हिडिओ गेमची पिवळी कॅसेट फुंकून फुंकून लावायचो, ते वेड माझ्यात राहिलं आणि तिच्या पोरात उतरलं.

भारतात पीएस४ आला ६ जानेवारी २०१४ ला, ३९,९९० रुपयांना. त्या वर्षीच्या दिवाळीत मी घेतला. दोन महिन्यांच्या पगाराहून जास्त पैसे होते ते, आणि मनात धरलं होतं की पीएस३ जसा सात वर्षं चालला तसाच हाही चालेल, तोवर नवीन काही बघायचं नाही. कन्सोलचा, म्हणजे असल्या खेळाच्या यंत्राचा, करारच तो असतो. कॉम्प्युटरवाल्याला दर दोन वर्षांनी ग्राफिक्स कार्ड बदलायची चिंता, कन्सोलवाल्याला नाही. एकदा घेतला की त्या पिढीतला प्रत्येक खेळ आपल्या डब्यावर चालणार.

म्हणून ७ सप्टेंबर २०१६ ला न्यूयॉर्कमध्ये सोनीने पीएस४ प्रो जाहीर केला तेव्हा मला आधी धास्ती वाटली. पिढी संपलेली नाही आणि जास्त ताकदीचं यंत्र येतंय, मग माझ्या यंत्राचं काय? असले प्रकार आधी झाले होते आणि त्यात जुन्या गिऱ्हाइकाचं भलं झालेलं नव्हतं. सेगा या खेळाची यंत्रं करणाऱ्या कंपनीने नोव्हेंबर १९९४ मध्ये अमेरिकेत आपल्या जुन्या मशिनवर बसवायचा ३२एक्स नावाचा जोड काढला, आणि त्याच महिन्यात जपानमध्ये त्यांचाच पूर्ण नवा सॅटर्न बाजारात आला. ज्यांनी जोड घेतला त्यांच्यासाठी पुढे जेमतेम चाळीस खेळ निघाले. निन्टेन्डोच्या ‘न्यू ३डीएस’ या हातात धरून खेळायच्या यंत्रावर २०१५ मध्ये झेनोब्लेड क्रॉनिकल्स ३डी हा खेळ आला तो फक्त त्या ‘न्यू’वर. हातात जुना ३डीएस असलेल्या पोराने दुकानात ती डबी उचलायची आणि परत ठेवायची.

प्रोमध्ये सोनीने एक अट घातली होती. फक्त प्रोवर चालेल असा एकही खेळ काढायचा नाही. प्रत्येक खेळ साध्या पीएस४ वर चाललाच पाहिजे. डिस्क एकच, दुकानातली डबी एकच. किंमतही ३९९ डॉलर, म्हणजे २०१३ ला पहिला पीएस४ ज्या किमतीला आला होता तीच. आपल्याकडे २०१७ च्या फेब्रुवारीत आला, ४० हजारांच्या आत. मी तेव्हा नुकताच ४३ इंची फोरके, म्हणजे जास्त बारीक चित्राचा, टीव्ही घेतला होता. प्रो घेतला आणि माझा जुना पीएस४ आबांबरोबर बार्शीला पाठवला. भाचा पंधरा वर्षांचा होता.

मार्चमध्ये होरायझन झीरो डॉन हा खेळ आला. डिस्क एक, यंत्रं दोन, गावं दोन. डिस्क आत असल्याशिवाय खेळ सुरू होत नाही, त्यामुळे पाळी लागली: एक महिना माझा, एक महिना त्याचा. आबांची डोळ्यांची तारीख हीच आमची तारीख. पॅच, म्हणजे खेळाच्या सुधारणा, इंटरनेटवरून उतरवायला तो ताईच्या मोबाइलचा जिओचा हॉटस्पॉट रात्री सुरू ठेवायचा. शपथ एकच होती, ज्याचा पुढे गेलाय त्याने दुसऱ्याला काही सांगायचं नाही. आणि त्या एका वर्षात मला जे कळलं ते हे की प्रो घेतल्यावर मी भाच्यापासून दूर गेले नाही. त्याच्या ३२ इंची टीव्हीवर आणि माझ्या फोरकेवर गोष्ट तीच होती, डोंगर तेच, मरायच्या जागाही त्याच.

आता मूळ प्रश्न, फरक किती दिसतो. हे मी ऐकीव सांगत नाही.

मे २०१८. दहावीची परीक्षा देऊन भाचा सुट्टीत पुण्याला आला तो पीएस४ सतरंजीत गुंडाळून घेऊनच. दोन्ही यंत्रं माझ्याच टीव्हीला लावली, एक पहिल्या एचडीएमआयला, एक दुसऱ्याला. डिस्क एकात घालायची, खेळातल्या ठरलेल्या शेकोटीपाशी साठवलेला खेळ उघडायचा, बघायचं, काढायची, दुसऱ्यात घालायची. ताई सोफ्यावर भाजी निवडत बसली होती. सोफा टीव्हीपासून आठ फुटांवर. पहिल्या तीन फेऱ्यांत ताईला फरक सांगता आला नाही. मग मी तिला जमिनीवर, टीव्हीपासून तीन फुटांवर बसवलं. तेव्हा ती खेळातल्या नायिकेकडे बघत म्हणाली, ‘‘हिचे केस सुटे सुटे दिसतात यात. त्यात गुंता होता.’’ बरोबर. गवताची पाती, केस, लांबच्या सुळक्याची कड, हे प्रोवर साफ होतं.

साध्या एचडी चित्रात सुमारे २१ लाख ठिपके असतात, फोरकेत ८३ लाख. चौपट. प्रोची चित्र काढायची ताकद मात्र सव्वादोन पट, १.८४ वरून ४.२ टेराफ्लॉप (आकडेमोडीच्या वेगाचं माप). चौपट काम सव्वादोन पट ताकदीत बसवायचं तर युक्ती लागते, आणि होरायझनमध्ये ती बुद्धिबळाच्या पटासारखी, पटाची युक्ती वापरलेली आहे. ठिपक्यांच्या रांगोळीत एक सोडून एक ठिपका भरायचा, उरलेले पुढच्या फ्रेमला, म्हणजे लगेच पुढच्या चित्राला, आणि मधली रिकामी जागा मागच्या फ्रेममधलं आठवून भरून घ्यायची. दर फ्रेमला निम्मेच ठिपके खरे काढले जातात. मी नाक टीव्हीला लावून शोधलं. चित्र स्थिर असताना सापडत नाही. जोरात वळलं की कडांना किंचित दातेरीपणा येतो, तोही क्षणभर. फार हुशारीचं काम आहे.

पण त्या दुपारी आम्हाला सगळ्यात मोठा फरक दिसला तो दुसऱ्याच गोष्टीचा. एचडीआर, म्हणजे उजेड-अंधाराच्या जास्त छटा दाखवायची सोय. सूर्य उगवताना बर्फाचा पांढरा आणि ढगाचा पांढरा वेगवेगळे दिसले पाहिजेत. साध्या चित्राच्या आठ बिटांत एका रंगाच्या २५६ छटा मावतात, एचडीआरच्या दहा बिटांत १०२४. छातीच्या एक्स-रेत बरगडीमागची बारीक गाठ अशाच दोन जवळच्या छटांमध्ये लपते, म्हणून मला हे एकदम भिडतं. टीव्हीचं सेटिंग बदलून आम्ही एचडीआर चालू केलं आणि ताई सोफ्यावरूनच, आठ फुटांवरून, भाजी हातात तशीच धरून म्हणाली, ‘‘अगं, ऊन पडलं!’’

आणि ते ऊन दोन्ही यंत्रांवर पडलं होतं. जुन्यावरही. सप्टेंबर २०१६ मध्ये, प्रो बाजारात यायच्या आधीच, सोनीने ४.०० या अपडेटमधून एचडीआर सगळ्या पीएस४ ना देऊन टाकलं होतं, अगदी २०१३ च्या पहिल्या डब्यालाही. आठ फुटांवरून जो फरक माझ्या बहिणीला दिसला त्यासाठी नवं यंत्र लागत नव्हतं, टीव्ही लागत होता. भाचा त्या वेळी काही बोलला नाही. पण जाताना एसटी स्टँडवर म्हणाला, ‘‘मावशी, म्हणजे माझा पण चांगलाच आहे.’’ त्याचं ते वाक्य मी विसरलेले नाही.

खेळ हलतो कसा, याबाबतीत तर फरक नव्हताच. दोन्हीकडे सेकंदाला ३० फ्रेम. खूप जणांना वाटतं, दुप्पट ताकद म्हणजे दुप्पट फ्रेम. तसं का झालं नाही ते वडापावच्या गाडीवर उभं राहिलं की कळतं. मालकाने एकीच्या दोन कढया केल्या, तेल तापलेलं आहे, पण वडे वळणारा हात तोच. प्रोचं ग्राफिक्स, म्हणजे चित्र काढणारा भाग, दुप्पट झालं, ३६ युनिट. सीपीयू, म्हणजे बाकीचा हिशेब करणारा भाग, मात्र तोच ‘जॅग्वार’ राहिला, १.६ गिगाहर्ट्‌झचा २.१३ झाला इतकंच. शत्रूने कुठे वळायचं, दगड कसा घरंगळायचा, हे सगळं वळणारा हात तो. ६० फ्रेम हव्या तर प्रत्येक फ्रेमचं सगळं काम १७ मिलिसेकंदांच्या आत उरकायला हवं, आणि त्या हाताला ते झेपत नव्हतं.

हाच हात का ठेवला, याचं उत्तरही त्या अटीतच आहे. जुने खेळ जसेच्या तसे चालले पाहिजेत. यंत्राचा आराखडा करणारे मार्क सर्नी यांनी प्रोचं ग्राफिक्स समजावताना फुलपाखराच्या पंखांची उपमा दिली होती: जुन्या ग्राफिक्सशेजारी त्याचंच आरशातलं रूप ठेवायचं. जुना खेळ लावला की एक पंख मिटून घ्यायचा. मग त्या खेळाला वाटतं आपण २०१३ च्याच घरात आहोत. मला हे इतकं आवडलं होतं की मी भाच्याला कागदावर फुलपाखरू काढून दाखवलं होतं.

अर्थात मिटलेला पंख म्हणजे न वापरलेली ताकद. ज्या खेळाला प्रोसाठी पॅच मिळाला नाही तो तसाच राहिला. ब्लडबोर्न अजून त्याच एचडीत आणि त्याच ३० फ्रेममध्ये अडकलेला आहे, आणि माझ्या मनातला तो पहिल्या पाचांतला खेळ. मार्च २०१७ च्या ४.५० अपडेटने बूस्ट मोड आला, त्याने काही जुने खेळ थोडे सुधारले. थोडेच.

मायक्रोसॉफ्टने ७ नोव्हेंबर २०१७ ला एक्सबॉक्स वन एक्स काढला तो निव्वळ ताकदीत प्रोच्या पुढे होता. सहा टेराफ्लॉप, १२ जीबी मेमरी. रेड डेड रिडेम्प्शन २ त्यावर पूर्ण फोरकेत चालायचा आणि प्रोवर तोच खेळ मऊ, किंचित पुसट दिसायचा. हे मान्य करायलाच हवं. पण तिथेही अट हीच होती, साध्या एक्सबॉक्स वनवर खेळ चालला पाहिजे.

अट कागदावर पाळणं आणि मनापासून पाळणं यात अंतर आहे, ते डिसेंबर २०२० मध्ये उघडं पडलं. सायबरपंक २०७७ हा खेळ दहा तारखेला आला. साध्या पीएस४ आणि एक्सबॉक्स वनवर त्याची अवस्था इतकी वाईट होती की आठवड्याभरात सोनीने तो आपल्या ऑनलाइन दुकानातून काढून टाकला आणि पैसे परत देऊ केले. जून २०२१ मध्ये तो परत आला तेव्हा सोबत सोनीची सूचना होती की चांगला अनुभव हवा तर पीएस४ प्रोवर किंवा पीएस५ वर खेळा. म्हणजे डबीवर पीएस४ लिहिलेलं, पण साधा पीएस४ असलेल्याने सांभाळून घ्यायचं. भाचा त्या वेळी डिप्लोमाला होता, खेळासाठी पैसे साठवत होता. त्याने घेतला नाही हे बरं झालं. मला त्या प्रकरणाचा खरा राग येतो, आणि तो खेळ खराब होता म्हणून नाही. घरातल्या धाकट्यांकडे, दुसऱ्या हातात गेलेल्या लाखो यंत्रांना ‘चालेल’ असं सांगून विकला, म्हणून.

तर आता पीएस५ प्रो.

१० सप्टेंबर २०२४ ला सर्नींनीच तो जाहीर केला. त्यांनी सांगितलं की सुमारे तीन चतुर्थांश वेळा खेळणारे सुबक चित्रापेक्षा सुरळीत हालचाल निवडतात, आणि प्रोचा उद्देश हा निवडायचा प्रसंगच कमी करणं आहे. उद्देश मला पटतो. ग्राफिक्सचे युनिट ६७ टक्क्यांनी जास्त, मेमरीचा वेग २८ टक्क्यांनी जास्त, आणि पटाच्या युक्तीची जागा पीएसएसआरने घेतलीय, म्हणजे कमी ठिपक्यांच्या चित्रावरून मोठं चित्र तयार करायला शिकवलेलं यंत्र. वडे वळणारा हात मात्र यावेळीही जवळपास तोच, पण पीएस५ चा हात मुळातच चपळ असल्याने ६० फ्रेमचं गाडं अडत नाही. मोठा टीव्ही असेल, जवळ बसत असशील, तर फरक दिसेल. खोटं कशाला बोलू.

बाजारात आला तेव्हा किंमत ६९९.९९ डॉलर होती. पीएस४ प्रो जुन्याच किमतीला आला होता, हा आपल्या पिढीच्या पहिल्या यंत्राच्या मूळ किमतीपेक्षा २०० डॉलरने महाग आला. शिवाय ७ नोव्हेंबर २०२४ ला जगात आला तेव्हा भारतात आलाच नाही. त्यात वायफाय ७ आहे, ते ६ गिगाहर्ट्‌झचा पट्टा वापरतं, आणि तो पट्टा आपल्याकडे वायफायसाठी तेव्हा खुला नव्हता. तुला ज्या दुकानदाराने दुबईहून आणून देतो म्हटलं, त्याला वॉरंटी कोण बघणार ते विचार. बिघडला तर दाखवायचा कुठे?

पण हे सगळं मी बाजूला ठेवायला तयार आहे. किंमत उतरते, परवानग्या मिळतात. माझं मन अडतं ते एकाच जागी. त्या डब्याला डिस्क घालायची फट नाही. ड्राइव्ह वेगळा विकत घ्यायचा, २०२४ मध्ये तो ८० डॉलरला होता, आणि पहिल्यांदा जोडताना इंटरनेटवरून नोंदवायचा. सगळ्यात महागड्या यंत्रात डिस्क ही ऐच्छिक वस्तू झाली. ज्याला डाउनलोड परवडतं त्याला हे टोचणार नाही. मला टोचतं, कारण डाउनलोड केलेला खेळ आबांच्या पिशवीतून गेला नसता. २०१७ मध्ये मला दोनदा आनंद मिळाला, नवं यंत्र घरात आल्याचा आणि जुनं कुणाच्या तरी घरात पोचल्याचा. दुसरा आनंद डिस्कमुळे टिकला. जुनं यंत्र धाकट्याला देऊन त्याला खेळच देता येणार नसतील, तर आपण त्याला रिकामा डबा देतो.

तुझ्या खोलीत अजून ३२ इंची टीव्ही आहे. प्रोचे पैसे टीव्हीत घाल. पीएस५ तुझा डिस्कवाला आहे, दिवाळीच्या बोनसमधून घेतलेला, तो ठेव. ऊन पाड आधी.

इथवर शनिवारी लिहिलं होतं.

आज रविवार. भाचा अकराला आला, पोहे खाल्ले, हे सगळं वाचलं आणि काही न बोलता बॅगेतून एक निळी डबी काढली. होरायझन फॉरबिडन वेस्ट, आमच्या त्या होरायझनचा दुसरा खेळ. पीएस४ ची. मी विचारलं, तुझ्याकडे तर पीएस५ आहे, पीएस४ ची डबी कशाला घेतलीस? तो म्हणाला, ‘‘पीएस४ ची डिस्क माझ्या पीएस५ मध्ये घातली की पीएस५ चा खेळ फुकट मिळतो. पीएस५ ची डिस्क तुझ्या प्रोमध्ये चालली नसती.’’ सेकंडहँड शोधून, मुद्दाम, ती आवृत्ती घेतली होती. त्याचा खेळून झालाय. बर्निंग शोअर्स हा त्याचा पुढचा भाग पीएस४ वर निघालाच नाही, तो माझ्या प्रोवर येणार नाही, हेही त्याने आधीच सांगितलं. बाकी शेवट सांगणार नाही म्हणाला.

आता तो सोफ्यावर झोपलाय. प्रो डिस्कवरून खेळ उतरवून घेतोय, पट्टी निम्म्यावर आलीय. आबा आता प्रवास करत नाहीत, डोळे सोलापूरलाच दाखवतात. मघाशी त्यांना फोन लावला आणि पोराची कॅसेट मिळाली म्हणून सांगितलं.

‘‘मिळाली का?’’ आबा म्हणाले. ‘‘उन्हात ठेवू नको.’’